थोडा वाजू द्या

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला, ‘शहराचे आवाज’. लोकलचा भोंगा, ढोल-ताशे, भाजीवाल्याची आरोळी यांवर कुणी ना कुणी लिहिणारच, म्हणून मी विचारलं, ‘टॅपेटवर लिहू का?’ फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाले, ‘लिहा, पण वाचकाला कळेल असं.’

खरं तर टॅपेटचा आवाज ठाण्यापासून कल्याणपर्यंत राहणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर रोज पडतो. सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या मोटरसायकलच्या इंजिनातून, अगदी वरच्या भागातून, एक बारीक, कोरडी टिकटिक येत असते. गाडीच्या मालकाला ती अस्वस्थ करते. गाडी जुनी झाली, काहीतरी सुटलंय, असं त्याला वाटतं. गॅरेजवाल्याला मात्र ती ऐकून बरं वाटतं. मालक आणि मेकॅनिक यांच्या कानांत एवढा फरक का, ते बघायला मी या पट्ट्यातल्या गॅरेजांमधून फिरलो.

सकाळी टाकायची, रात्री न्यायची

डोंबिवली पूर्वेला मानपाडा रस्त्यावरून आत शिरणाऱ्या एका गल्लीत दोन गाळ्यांचं गॅरेज आहे. सकाळी शटर अर्धंच वर गेलेलं असतं तेव्हापासून गाड्या येऊ लागतात. ऑफिसच्या कपड्यातला माणूस स्प्लेंडर स्टँडवर चढवतो, चावी पोऱ्याच्या हातात देतो, ‘ऑइल बदल आणि टॅपेट बघ, आवाज करतेय,’ एवढं सांगतो आणि स्टेशनच्या दिशेने जवळजवळ पळत सुटतो. गाडी न्यायला येतो तो रात्री.

गॅरेजच्या उस्तादांना ही पद्धत फार सोयीची आहे. चावी हातात पडली की ते आधी ऑइल काढतात, कारण गरम ऑइल पातळ असतं आणि तळाशी साचलेला गाळ घेऊन खाली येतं. मग ब्रेक, चेन, केबल. टॅपेटला हात लागतो तो दुपारी, जेवण झाल्यावर. पाना हातात घेण्यापूर्वी ते इंजिनाच्या वरच्या भागावर, म्हणजे हेडवर, तळवा ठेवतात. तळव्याला जरा जरी ऊब लागली तरी गाडी तशीच उभी राहते. टॅपेट बघणं म्हणजे हेडमधली एक बारीक फट मोजणं, आणि बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात या फटीचं माप गार इंजिनासाठीच दिलेलं असतं. गरम इंजिनावर तेच माप लावलं तर सगळा हिशेब चुकतो.

डोंबिवलीचा नोकरदार दिवसभर मुंबईत अडकलेला असतो म्हणून इथल्या मोटरसायकलींचे टॅपेट बरे असतात, असं मी म्हटलं तेव्हा उस्ताद हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

केसाएवढी फट

चार स्ट्रोकच्या साध्या इंजिनाच्या हेडमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात. एकातून हवा आणि इंधन आत येतं, दुसऱ्यातून जळलेला वायू बाहेर जातो. पहिल्याला इनलेट म्हणतात, दुसऱ्याला एक्झॉस्ट. स्प्रिंग त्यांना घट्ट बंद ठेवते. कॅम नावाचा अंडाकृती उंचवटा फिरत येतो, रॉकरचं एक टोक वर उचलतो, रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्हची दांडी खाली दाबतं आणि व्हॉल्व्ह उघडतो. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे फिरत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो आणि बंद होतो.

व्हॉल्व्ह बंद असताना रॉकरचं टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये थोडी फट ठेवावी लागते; रॉकरच्या टोकाचा जो स्क्रू ती ठरवतो, तोच टॅपेट. पल्सर १५० मध्ये ती इनलेटला ०.०५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.१० मिलिमीटर असते. माणसाच्या केसाची जाडी साधारण याच मापात बसते. बाकीच्या छोट्या गाड्यांची मापं वेगवेगळी असली, तरी गोष्ट मिलिमीटरच्या शतांशांचीच.

ही फट लागते ती धातू तापल्यावर लांबतो म्हणून. आठ सेंटिमीटर लांबीचा पोलादी व्हॉल्व्ह तापमान शंभर अंशांनी वाढलं की जवळजवळ एक दशांश मिलिमीटरने लांब होतो. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हचं डोकं तर सातशे अंशांच्या आसपास तापतं. भोवतालचं अॅल्युमिनियमचं हेडही फुगतं, त्यामुळे सगळी वाढ फटीतून वजा होत नाही, पण व्हॉल्व्ह आणि हेड सारखे तापत नाहीत, सारखे फुगतही नाहीत. त्यांच्यातल्या फरकाला जागा हवी. एक्झॉस्ट जास्त तापतो म्हणून त्याची फट बहुधा जास्त.

फट उरली नाही तर काय होतं? गरम झाल्यावर लांबलेल्या व्हॉल्व्हला वरून रॉकर अडवतो, आणि तो खाली हेडमधल्या आपल्या सीटवर पूर्ण टेकत नाही. कॉम्प्रेशन गळतं. सकाळी किक मारून मारून पाय दुखतो, पिकअप जातं, गाडी पेट्रोल पिते. खरं नुकसान याहून मोठं असतं. व्हॉल्व्हला थंड व्हायची मुख्य जागा ती सीटच. दर वेळी टेकल्यावर तो आपली बहुतेक उष्णता सीटला देऊन टाकतो. टेकणंच थांबलं की उष्णता त्याच्यातच राहते, फटीतून पेटता वायू सुटतो आणि त्याची कड जळत जाते. याला गॅरेजात दोनच शब्द आहेत, ‘व्हॉल्व्ह जळला’. मग हेड उतरवावं लागतं.

फट जास्त झाली तर? रॉकर दांडीवर जरा उशिरा आणि जोरात आपटतो. टिकटिक होते. व्हॉल्व्ह थोडा कमी उघडतो, टोकं हळूहळू झिजतात, ताकद किंचित कमी होते. याचा त्रास कानाला पहिला आणि इंजिनाला बऱ्याच उशिरा.

टॉपला आणणं

दुपारी उस्तादांनी स्प्लेंडर घेतली. हेडवरच्या दोन गोल टोप्या सतराच्या पान्याने काढल्या. डावीकडचं मॅग्नेटचं झाकण उघडलं आणि मॅग्नेट हळूहळू उलट्या दिशेने फिरवायला घेतला. त्याच्या कडेवर कोरलेलं ‘टी’ हे अक्षर बाजूच्या खुणेसमोर आलं की पिस्टन टॉपला आला. पण चार स्ट्रोकमध्ये पिस्टन टॉपला दोनदा येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. माप घ्यायचं ते कॉम्प्रेशनच्या टॉपला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना. उस्ताद दोन्ही रॉकर चिमटीत धरून हलवतात. दोन्ही किंचित हलले तर बरोबर. एक ताठ असेल तर मॅग्नेटचा आणखी एक पूर्ण फेरा. नवीन पोरं इथेच चुकतात. चुकीच्या टॉपला दाबलेल्या व्हॉल्व्हवर फट ‘सेट’ करतात आणि सगळं माप चुकतं.

मग फिलर गेज. पातळ पोलादी पात्यांचा जुडगा, प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली. ठरलेलं पातं रॉकरच्या स्क्रूखाली सरकवायचं. ते अडखळत, पण न वाकता सरकलं पाहिजे. सैल असेल किंवा शिरतच नसेल तर लॉक नट ढिला करून चौकोनी डोक्याचा छोटा स्क्रू टॅपेट कीने फिरवायचा. या स्क्रूचे आटे फार बारीक असतात. एका फेऱ्याला तो अर्धा मिलिमीटर सरकतो असं धरलं तर फेऱ्याच्या दहाव्या भागात पाच शतांशांचा फरक पडतो. मनगट जरा हललं की माप गेलं.

सगळ्यात फसवी पायरी शेवटची. स्क्रू बरोबर जागी आणला, पण लॉक नट आवळताना तोही नटाबरोबर थोडा फिरतो. म्हणून एका हाताने की घट्ट धरायची, दुसऱ्याने नट आवळायचा आणि पातं पुन्हा घालून बघायचं. उस्तादांनी एक्झॉस्टवर तीनदा नट सोडला आणि तीनदा आवळला. तेवढ्या वेळात शेजारच्या गाळ्यात एक पंक्चर निघालं.

अनेक गॅरेजांत फिलर लागतच नाही. रॉकर बोटाने हलवायचा, जो खुळखुळाट जाणवतो त्यावरून ठरवायचं. वर्षानुवर्षं तेच इंजिन उघडणाऱ्याचं बोट विश्वासाचं असतं, हे मी पाहिलं. पण हे बोट शिकाऊ पोराला देता येत नाही. पातं देता येतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये १९६२ साली एमआयडीसीची सुरुवात झाली आणि मापाने काम करणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या या पट्ट्यात तयार झाल्या. मायक्रोमीटर हाताळून निवृत्त झालेला एखादा टर्नर आपली गाडी दुरुस्तीला आणतो आणि अंदाजाने चाललेलं काम बघून तिथेच वाद घालतो. माझा कल त्या टर्नरकडे आहे.

आवाज गेला, गिऱ्हाईक खूश

ठाण्यात घोडबंदर रस्त्याला लागून असलेल्या एका गॅरेजमध्ये मी दुपारभर बसलो. एक तरुण आला. गाडी दुसरीकडे नुकतीच सर्व्हिसिंग केलेली.

‘दादा, इंजिन वाजतंय. टॅपेट टाइट करून द्या.’

मेकॅनिकने गाडी चालू केली, लांब पेचकसाचं टोक हेडवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मग टायमिंग चेनच्या बाजूला टेकवून ऐकलं. ‘टॅपेट बरोबर आहे. एवढा आवाज येणारच. थोडा वाजू द्या.’

‘आधीच्याने केला तेव्हा बंद झाला होता.’

‘त्याने टाइट केला असेल. म्हणून पिकअप गेलं होतं का?’

तरुण गप्प झाला. पिकअप गेलं होतं.

या धंद्यातला पेच हाच आहे. टॅपेट टाइट करणं हा गिऱ्हाइकाला खूश करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग. स्क्रू जरा आत घेतला की टिकटिक लगेच थांबते, माणूस पैसे देऊन हसत जातो. व्हॉल्व्ह जळतो तो काही महिन्यांनी, आणि तोवर दोष कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही. इमानदार मेकॅनिकला आवाज ठेवून गाडी परत द्यावी लागते आणि वर समजावून सांगावं लागतं. त्या समजावण्याचे पैसे मिळत नाहीत.

सगळी टिकटिक निरुपद्रवी असते असंही नाही. टायमिंग चेनचा टेन्शनर गेला तर खरखर येते, ऑइल कमी असेल तर सगळंच वाजायला लागतं. पण आवाज अचानक कमी झालेली गाडी बघायला आधी घ्यावी, हे मला एकाहून अधिक मेकॅनिकांनी आपणहून सांगितलं. फट झिजेने वाढते तशी कमीही होऊ शकते. व्हॉल्व्ह सीटवर आपटून आपटून सीटमध्ये रुतत जातो, त्याची दांडी तेवढी वर सरकते आणि रॉकरला जाऊन भिडते. मालकाला वाटतं, गाडी सुधारली.

दोन चेतकांच्या मधला काळ

टॅपेट ही काळजी आपल्याकडे तशी उशिरा आली. १९७२ मध्ये आलेली बजाज चेतक टू-स्ट्रोक होती, त्याच वर्षीची लुना टू-स्ट्रोक, आरएक्स १०० टू-स्ट्रोक. या इंजिनांत पिस्टनच भिंतीतली भोकं उघडतो आणि झाकतो. असे व्हॉल्व्ह नाहीत, त्यामुळे टॅपेट नाही. कार्बन साफ करा, प्लग पुसा, चालू. गल्लीतली बुलेट एवढाच काय तो अपवाद, आणि तिचा टॅपेट म्हणजे वेगळंच शास्त्र. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला फिलर लागत नाही. बाजूचं झाकण काढायचं आणि पुशरॉड बोटांत धरायचा. तो गोल फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि फोर-स्ट्रोक मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. ‘फिल इट, शट इट, फरगेट इट’ ही तिची जाहिरात अजून अनेकांना पाठ आहे. मायलेजसाठी ती खरी होती. टॅपेटच्या बाबतीत मात्र लोकांनी ती जरा जास्तच मनावर घेतली. पुढे स्प्लेंडर आली, २००१ मध्ये अॅक्टिव्हा आणि पल्सर आल्या, आणि पार्किंगमधली जवळपास प्रत्येक गाडी टॅपेटवाली झाली.

त्यात अॅक्टिव्हाची तऱ्हा निराळी. तिचं इंजिन सीटखाली आडवं आणि प्लास्टिकच्या आत झाकलेलं. हेडपर्यंत पोचायला पॅनेल आणि डिकी खोलावी लागते. म्हणजे काम करण्यापेक्षा काम उघडायलाच वेळ जास्त. गॅरेजवाले ते टाळतात, आणि आवाज प्लास्टिकआड दबलेला असल्याने मालकही मागत नाही. मला भेटलेल्या अॅक्टिव्हावाल्यांपैकी बहुतेकांना आपल्या स्कूटरला टॅपेट असतो हेच ठाऊक नव्हतं.

बुलेट मात्र झाकलेली नसते, उलट मिरवते. डोंबिवलीत १९९९ पासून पाडव्याला स्वागतयात्रा निघते. अलीकडे अशा यात्रांत नऊवारी आणि फेटा घालून बुलेट चालवणाऱ्या मुलींचे फोटो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात हमखास असतात. चालत्या माणसाच्या वेगाने, चैत्राच्या उन्हात, हवेवर थंड होणारं इंजिन घेऊन. हवा तर लागतच नाही. फोटो काढणाऱ्याला चेहऱ्यावरचा आनंद दिसतो, मेकॅनिकला हेड दिसतं.

नव्या विजेच्या चेतकला पुन्हा व्हॉल्व्ह नाहीत. पहिल्या चेतकपासून या चेतकपर्यंत मधला जो काळ आहे, तेवढाच सर्वसामान्य घराच्या दृष्टीने टॅपेटचा काळ. तो अजून संपलेला नाही, आणि सगळ्यात जास्त रखडणार आहे तो रिक्षात.

जी गार होत नाही

कल्याण स्टेशनबाहेर एमएच-०५ च्या रिक्षांची रांग बघितली की एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. यांतल्या अनेक रिक्षा दोन पाळ्यांत चालतात. दिवसा मालक, रात्री भाड्याने घेणारा चालक. शेअरच्या सीटा भरेपर्यंत इंजिन जरा बंद होतं, मग परत चालू. रिक्षाचं इंजिन मागे, सीटखाली. त्याला समोरून वारा लागत नाही, पंख्याने हवा ढकलावी लागते. पंख्याच्या जाळीत धूळ बसली आणि शिळफाट्याला किंवा घोडबंदरच्या गायमुखला रिक्षा अर्धा तास अडकली की हेड किती तापत असेल याचा अंदाज मागच्या सीटवर बसलेल्याला येतो.

त्यात सीएनजी. १९९५ साली स्थापन झालेल्या महानगर गॅसच्या पंपांवर रिक्षांच्या रांगा लागतात आणि भाडं बघता सीएनजीशिवाय पर्यायही नाही. गॅस स्वच्छ जळतो, प्लग स्वच्छ राहतो, ऑइल लवकर काळं पडत नाही. व्हॉल्व्हच्या सीटला मात्र हीच स्वच्छता नडते. पेट्रोल द्रवरूपात आत येतं, वाफ होताना इनलेटच्या बाजूची उष्णता ओढून घेतं, आणि त्याच्या जळण्याने सीटवर एक पातळ थर बसतो, जो धातूवर धातू घासू देत नाही. जुन्या पेट्रोलमधलं शिसं हे काम आणखी चांगलं करायचं. ते आरोग्याला घातक म्हणून २००० पर्यंत देशभर बंद झालं, आणि ते योग्यच होतं. गॅस कोरडा येतो आणि कोरडाच जळतो. व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतण्याचा वेग वाढतो, फट कमी होत जाते. कंपन्या सीएनजीच्या इंजिनात कठीण धातूच्या सीट बसवतात, पण म्हणून टॅपेट बघायचं टळत नाही.

कल्याणमध्ये हेडचं काम करणाऱ्या एका लेथवाल्याकडे रिक्षांची हेडं रांगेत मांडलेली होती. तो सीट कापतो, व्हॉल्व्हला पेस्ट लावून हाताने घासतो, मग हेड उलटं करून त्यात रॉकेल ओततो आणि थोडा वेळ बघत राहतो. एक थेंब जरी झिरपला तरी परत घासायला घेतो. ‘टॅपेट वेळेवर बघितला असता तर यातली निम्मी हेडं आली नसती,’ तो म्हणाला. मग जरा थांबून, ‘पण मग मी काय केलं असतं?’

रिक्षावाल्यांना हे कळत नाही असं समजायचं कारण नाही. स्टँडवर मी विचारलं तेव्हा एकाने बोटांवर हिशेब मांडला. टॅपेटचं काम अर्ध्या तासाचं, पण इंजिन गार व्हायला दोन-तीन तास. ते दोन-तीन तास धंद्याचे. पाळीच्या मधला वेळ धरावा तर रात्रीचा चालक चावी घ्यायला उभाच असतो आणि भाड्याच्या रिक्षाचं इंजिन वाचवायला स्वतःची पाळी कोण सोडेल? मालक म्हणतो चालकाने बघावं, चालक म्हणतो मालकाने. टॅपेट तेवढं ऐकून घट्ट होत राहतो. मेकॅनिक मग गरम इंजिनावरच अंदाजाने काम उरकतात, फट थोडी जास्त ठेवून. पुस्तकात हे बसत नाही, पण चूक करायचीच तर ती सैल बाजूला करावी, असा त्यांचा हिशेब आहे. मला तो पटला.

५ जुलै २०२४ रोजी पुण्यात बजाजने ‘फ्रीडम १२५’ ही जगातली पहिली सीएनजी मोटरसायकल आणली. दोन किलो गॅस, दोन लिटर पेट्रोल. रिक्षातला प्रश्न आता दुचाकीवर येईल का, असं मी डोंबिवलीच्या उस्तादांना विचारलं. त्यांचं म्हणणं, ही गाडी रात्रभर बिल्डिंगखाली उभी राहणार, दिवसभर स्टेशनच्या पार्किंगमध्ये. तिला गार व्हायला वेळच वेळ आहे. मालकाने सकाळी चावी दिली म्हणजे झालं.

रिक्षांना अशी सवड वर्षातून एकदा नक्की मिळते. खंडेनवमीला. कल्याणमधल्या एका गॅरेजसमोर आदल्या रात्री रिक्षा ओळीने लावून चालक घरी जातात. सकाळी सगळी इंजिनं गार. तिथले उस्ताद आणि दोन पोरं एका टोकाकडून सुरू करतात, मागची झाकणं उघडून टॅपेट बघत जातात, आणि ज्यांचं झालं त्या रिक्षा धुवून त्यांवर झेंडूच्या माळा चढवतात. तोवर पाटावर हत्यारं मांडायची घाई सुरू झालेली असते, आणि फिलर गेज तर अजून कामात असतं. शेवटच्या रिक्षाचा लॉक नट आवळून झाल्यावर पोऱ्याने ते पुसून पाटावर ठेवलं आणि कुंकवाचं बोट पुढे केलं, तसे उस्ताद ओरडले, ‘अरे, मुठीला लाव! पात्यांना नको. जाडी बदलते.’